चाळीची गॅलरी: मुंबईतील शेजारधर्म कसा घडला?

१/
मराठी घरांत एक अलिखित नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. शेजारून खिरीची किंवा भाजीची वाटी आली, तर ती रिकामी परत करायची नाही. दुसरे काही नसेल तर चिमूटभर साखर घालून का होईना, पण ती भरूनच जाते. मुंबईच्या चाळींविषयीच्या आठवणींत ही वाटी वारंवार भेटते. आपण तिला 'तेव्हाची माणसेच मायाळू होती' या सदरात टाकतो आणि पुढे सरकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र येथे थांबावे लागते. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली, परस्परांना सर्वस्वी अनोळखी कुटुंबे एका जिन्यावर राहू लागतात आणि पिढी-दोन पिढ्यांत एकमेकांची भांडी ओळखू लागतात. हे कसे घडले?

२/
आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे. चाळीतला शेजारधर्म केवळ स्वभावातून उगवला नाही, असे माझे म्हणणे आहे. जागेची टंचाई, कामाचे तास, पगाराची तारीख, भाड्याचा कायदा आणि स्त्रियांचे मोजदाद न झालेले श्रम या पाच गोष्टींनी तो घडवला. त्याची किंमत होती आणि ती सर्वांनी सारखी मोजली नाही. थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभ गिरण्यांपासून करू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, नायगाव या पट्ट्यात धुराड्यांचे रान उभे राहिले आणि त्याला गिरणगाव हे नाव पडले. काम करायला माणसे आली ती मुख्यतः कोकणातून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरच्या सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून. गिरणीच्या भोंग्याला वेळेवर पोहोचायचे तर पायी चालण्याच्या अंतरावर राहणे भाग होते. त्या गरजेपोटी खासगी मालकांनी ओळीने खोल्या बांधल्या. त्या ओळी म्हणजे चाळी.

४/
आरंभीच्या त्या चाळीत आज आपण कल्पितो ते कुटुंब फारसे नव्हतेच. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. बायकामुले गावी शेत सांभाळत, पुरुष मुंबईत राबत आणि महिन्याकाठी मनीऑर्डर गावी जाई. एकेका खोलीत दहा-पंधरा, प्रसंगी त्याहूनही अधिक गडी राहत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीचा येऊन झोपे. पुष्कळदा खोली एका गावाचीच असे. नव्याने मुंबईला आलेल्या पोराला पहिला आसरा या गावकीच्या खोलीत मिळे आणि गिरणीतली पहिली ओळखही तिथेच होई.

५/
या एकट्या पुरुषांना जेवू कोण घालणार? या प्रश्नातून खानावळ जन्मली. चाळीतल्याच एखाद्या खोलीत एखादी बाई, अनेकदा विधवा किंवा कामगाराची पत्नी, महिन्याच्या बोलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. गिरणगावातले पहिले 'कुटुंब' पुष्कळांच्या वाट्याला आले ते या चुलीभोवती. ते रक्ताचे नव्हते आणि फुकटही नव्हते. पण जेवणाऱ्याला ताप आला तर पेज करून देणारी तीच असे. व्यवहार आणि माया यांची ही सरमिसळ लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हापुन्हा भेटेल.

६/
१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉक्टर होते मूळचे गोव्याचे अकासिओ व्हिएगस. लाखो लोक शहर सोडून गेले आणि गिरण्या ओस पडल्या. आजवर दुर्लक्षिलेल्या कोंदट चाळी एकाएकी सरकारच्या डोळ्यांत खुपू लागल्या. १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या आणि काही चाळीही बांधल्या. आरंभीच्या वर्षांत मात्र पाडलेली घरे अधिक आणि बांधलेली कमी, असा हिशेब राहिला. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी आणखी वाढली.

७/
१९११ च्या जनगणनेकडे पाहा. मुंबईतील दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या घरात राहत होते. म्हणजे चाळीतला संसार हा शहराचा अपवाद नव्हता, तोच शहराचा नियम होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते निघाले. त्याच्या आद्याक्षरांवरून आजही 'बीडीडी' हे नाव चालते. ठरवले होते पन्नास हजार खोल्या बांधण्याचे. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८०. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची.

८/
आता वास्तूकडे वळू. गिरगाव-लालबागच्या जुन्या खासगी चाळींत खोल्यांच्या ओळीपुढे लाकडी कठड्याची सलग गॅलरी असे. बीडीडी चाळींत खोल्या दोन्ही अंगांना आणि मधून लांब, अंधारा बोळ असे. दोन्हींत एक गोष्ट समान होती. नळ आणि संडास घराबाहेर, साऱ्या मजल्याचे मिळून. आपल्या खोलीतून कुठेही जायचे तर शेजाऱ्याच्या दारावरून जावे लागे आणि दिवसा दार बंद ठेवणे हे आजारपणाचे, भांडणाचे किंवा काहीतरी लपवण्याचे लक्षण मानले जाई. खोलीत पाच माणसे धरली, तर बीडीडीच्या एका मजल्यावर शंभर माणसे होतात. एवढ्या माणसांचा रोजचा संबंध या बांधणीनेच ठरवून टाकला होता.

९/
गॅलरीचा दिवस पहाटे नळाने सुरू होई. पाणी ठरावीक वेळीच येई. हंडे, कळश्या, पिंप यांच्या रांगा लागत. संडासाच्या रांगेत माणसाऐवजी त्याचा डालडाचा डबा उभा राही आणि त्या डब्याचा क्रमांक सगळे पाळत. नळावर भांडणे होत, कडाक्याची होत. तरी दुपारी त्याच दोघी निवडायला तांदूळ घेऊन एका उंबऱ्याशी बसलेल्या दिसत. संध्याकाळी मुले अभ्यासाला गॅलरीतल्या दिव्याखाली बसत. उन्हाळ्यात रात्री पुरुष आणि मोठी मुले चटया टाकून तिथेच झोपत. घराचे स्वयंपाकघर, बैठक आणि शयनगृह एकाच खोलीत असल्यामुळे चौथी खोली म्हणून गॅलरी वापरली जाई, आणि ती सर्वांची होती.

१०/
आता त्या वाटीकडे येऊ. गिरणीतला पगार काम केलेला महिना उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी हाती पडत असे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने त्याला मुदत घातली. तोवर आणि त्यानंतरही महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे रिकाम्या डब्यांचा आठवडा. वाण्याकडे खाते असे आणि त्यावर दर चढा लागे. त्याहून अडचण मोठी असेल तर दारात व्याजाने पैसे देणारा पठाण उभा राही. त्याची दहशत गिरणगावाच्या आठवणींत खोल रुतली आहे. अशा वेळी शेजारची वाटीभर साखर हे बिनव्याजी कर्ज होते.

११/
म्हणूनच वाटी भरून परत करण्याला एवढे महत्त्व. ती रिकामी गेली तर पुढच्या वेळी मागायला जीभ रेटणार नाही. भरून गेली तर घेणे-देणे चालू राहते आणि कोणी कोणाचा मिंधा होत नाही. बायकांची भिशी याच जातकुळीची. दरमहा प्रत्येकीने ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने सारी उचलायची. त्यातून मुलीचे मंगळसूत्र झाले, पितळी भांडी आली, शाळेची फी भरली गेली. कागद नाही, सही नाही, साक्षीदार म्हणजे सारा मजला. ज्या शहरातल्या बँका या बायकांसाठी उघड्या नव्हत्या, तिथे त्यांनी गॅलरीतच पेढी चालवली.

१२/
छोट्या सुखांसाठी पैशाइतकीच आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. या वेळेलाही इतिहास आहे. गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी आरंभी नव्हती. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. चाळीतला रविवार, म्हणजे उशिरा उठणे, मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाणे, परवडले तर घरात मटण शिजणे, हे सारे कोणीतरी मागून, भांडून मिळवलेले आहे.

१३/
रोजच्या संध्याकाळचेही तसेच. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. यावरून त्याआधीची स्थिती ओळखावी. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ मध्ये ५४ तासांची, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात ती ४८ तास होती. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस घरी येऊन भजनाला बसत नाही, तो झोपतो. चाळीतले भजनी मंडळ, व्यायामशाळा, कॅरमची जागा, वाचनालय आणि नाटकाच्या तालमी यांना बहर आला, तो कामाचे तास घटत गेले तसा.

१४/
आणि बहर खरोखर आला. कोकणातल्यांनी आपले नमन आणि जाखडी मुंबईत आणली. इथे तिला बाल्या नाच म्हणू लागले. घाटावरच्यांसाठी लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. भारतमाता सिनेमागृहात मराठी चित्रपट बघायला सारे घर जाई. ना. म. जोशी यांच्या 'सोशल सर्व्हिस लीग'च्या परळ येथील दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके उभी राहिली. पाळीवरून सुटलेला गडी तोंड धुऊन राजाची किंवा खलनायकाची भूमिका करी आणि पहाटे पुन्हा साच्यावर उभा राही. मराठी रंगभूमीच्या इतिहासात कामगार रंगभूमीला जे स्थान आहे, त्याची पाळेमुळे अशा संध्याकाळींत आहेत.

१५/
सणांत ही सामूहिकता शिगेला पोहोचे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो आणि मुंबईतील आद्य सार्वजनिक गणपतींत त्याची गणना होते. उत्सवाचे राजकीय महत्त्व आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. चाळीच्या दृष्टीने पाहिले तर तो वर्षातला सर्वांत मोठा संघटनेचा धडा होता. वर्गणी गोळा करणे, पावत्या फाडणे, हिशेब फलकावर लावणे, मांडव घालणे, चुरशीने नाटक बसवणे. एरवी घरात ज्याचे कोणी ऐकत नसे, असा विशीतला पोरगा त्या दहा दिवसांत कार्यवाह होई. पुढे अनेकांनी कामगार संघटनेचे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे काम केले, त्याची उजळणी येथेच झाली होती.

१६/
बायकांची सुखे कामाच्या पोटातच दडलेली असत. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड-कुरडया वाळत. लाट्या करायला एका घरी सगळ्या जमत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. दिवाळीत चकलीचा सोऱ्या मजलाभर फिरे आणि फराळाची ताटे रुमालाखाली झाकून दारोदार जात. कोणाच्या अनारशाला जाळी पडली आणि कोणाचा लाडू फोडायला खलबत्ता लागेल, याची चर्चा भाऊबिजेपर्यंत पुरे. संक्रांतीचे हळदीकुंकू, मंगळागौरीचे जागरण, कोजागरीचे आटीव दूध ही घराबाहेर पडण्याची, हसण्याची, गाण्याची समाजमान्य निमित्ते होती. सासूची परवानगी त्यांना सहज मिळे, यातच त्यांचे मोल आहे.

१७/
मात्र या सुखांचा खर्च कोणाच्या नावे पडला, हे विचारायला हवे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार स्त्री होती. पुढच्या दशकांत हे प्रमाण झपाट्याने घसरले. रात्रपाळीवरील बंदी, प्रसूतीच्या सवलतींचा मालकांना नकोसा वाटणारा खर्च, यंत्रांतील बदल आणि 'घर सांभाळणारी बाई' हा रुजत गेलेला आदर्श अशी कारणे अभ्यासक देतात. गिरणीतून बाहेर पडलेली बाई रिकामी बसली नाही. पहाटेचे पाणी, १९४३ पासून सुरू झालेल्या रेशनची रांग, पुढे आरेच्या दुधाची रांग, तीन पाळ्यांना तीन वेळचे डबे. चाळ 'आपोआप' चालते असे ज्यांना वाटे, त्यांच्यासाठी ती कोणीतरी चालवत होते.

१८/
या श्रमाला नाव आणि पत मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. चौथ्या-पाचव्या भागात पाहिलेली ती चूल अखेर अर्थव्यवस्थेचा भाग म्हणून मोजली गेली. स्वयंपाक तोच होता. फरक एवढाच पडला की तो करणारीची सही आता कागदावर आली.

१९/
शेजारधर्माला आणखी एक गोष्ट लागते, तीच माणसे दीर्घकाळ शेजारी राहणे. हे काम भाड्याच्या कायद्याने केले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवरील भाडे प्रमाण मानले आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. परिणामी खोली आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलाकडे आली. ज्या मुलाला गॅलरीत रांगताना पाहिले, त्याच्या मुलाच्या बारशाला तीच काकू पाळणा म्हणे. नाव-पत्त्यापुरते असलेले शेजारी 'वरच्या मजल्यावरचे काका' आणि 'समोरच्या वहिनी' होण्यासाठी हा स्थिर काळ अत्यावश्यक होता.

२०/
त्याच कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाममात्र भाड्यात मालक दुरुस्ती करीना. तुळया कुजल्या, जिने हलू लागले, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे इमारत कोसळू लागली. १९६९ च्या कायद्यान्वये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण करावे लागले ते याच कारणाने. जी व्यवस्था शेजार टिकवत होती, तीच छप्पर खचवत होती. गॅलरीच्या लाकडी कठड्याची छायाचित्रे आपण हौसेने पाहतो. तिथे राहणाऱ्या बाईला तो कठडा जुलैत किती हलतो हे ठाऊक होते.

२१/
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. मजल्यावर एकाच घरी संच येई आणि त्या घराच्या दाराशी चपलांचा ढीग पडे. 'छायागीत' आणि रविवारचा चित्रपट ही सार्वजनिक मालमत्ता होती. पुढे बसायची मुले, मागे खाटेवर म्हातारी, गॅलरीतून खिडकीशी उभे असलेले तरुण. संच घेणाऱ्या कुटुंबाला त्या वेळी जेवता येत नसे की झोपता येत नसे, पण नाही म्हणण्याची सोयही नव्हती. पुढे घरोघरी संच आले आणि संध्याकाळी दारे लोटली जाऊ लागली. तंत्राने माणसे जोडली आणि तंत्रानेच पांगवली, हे दोन्ही पंधरा-वीस वर्षांच्या आत झाले.

२२/
आता या चित्रातला सर्वांत अवघड भाग. 'सगळे एका कुटुंबासारखे' यातल्या 'सगळे' या शब्दात कोण होते? गिरणीत विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश नाकारला जाई. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. हीच रेषा वस्तीत उतरली. अनेक चाळींत खोली देताना जात विचारली जाई आणि नळ, पाणी, वाटी यांच्या देवघेवीला अदृश्य कुंपण असे. जी वाटी एका मजल्यावर जिव्हाळ्याची खूण होती, तीच दुसऱ्या दारापुढे थबकत होती.

२३/
परळच्या पोयबावाडीतील ट्रस्टच्या चाळीत, दोन छोट्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि रमाबाईंनी आयुष्याची सुमारे वीस वर्षे काढली. जवळच्याच दामोदर हॉलशी 'बहिष्कृत हितकारिणी सभे'चे, १९२४ मधील आरंभापासूनचे, नाते आहे. चाळीच्या गजबजाटात, रात्री उशिरा दिव्याखाली चाललेले ते वाचन-लेखनही चाळीच्या कौटुंबिक इतिहासाचा भाग आहे. पुढे, १९७४ च्या जानेवारीत, वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथर आणि शिवसेना यांच्या समर्थकांत दंगल पेटली. समोरासमोरच्या इमारतींतून दगड आले. ज्या रचनेत शेजार घडला, त्याच रचनेत हेही घडले. आठवणींतून हे वगळले, तर उरते ते सोयीचे स्मरणरंजन.

२४/
आणखी एक किंमत एकांताची. नवपरिणित जोडप्याला खोलीत एकटे मिळणे हा साऱ्या घराच्या सौजन्याचा प्रश्न असे. मुलगी किती वाजता आली, कोणाबरोबर आली, याची नोंद जिना चढेपर्यंत चार दारांत होई. रात्री आजारी माणसासाठी धावून येणारे डोळे आणि पाळत ठेवणारे डोळे एकाच चेहऱ्यावर होते. चाळ सोडून दूरच्या उपनगरात 'सेल्फ कंटेन्ड' घर घेतलेल्या अनेक स्त्रिया पहिला आनंद सांगतात तो स्वतःच्या संडासाचा आणि स्वतःच्या नळाचा. हा आनंद क्षुल्लक नाही. तोही छोट्या सुखांच्या इतिहासात लिहिला गेला पाहिजे.

२५/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाचा औपचारिक शेवट कधी झालाच नाही. पगार थांबला आणि गॅलरीतल्या त्या अनौपचारिक पेढीची खरी कसोटी लागली. पूर्वी एका घरी अडचण आली तर बाकीची घरे हात देत. आता सारा मजला एकाच वेळी बेकार झाला. उसने देणाऱ्याकडेच काही उरले नव्हते. भांडी मोडीत गेली, दागिने गहाण पडले, पोरे शाळा सोडून कामाला लागली, काही कुटुंबे गावी परतली. शेजारधर्म हा मजुरीवर उभा होता. मजुरी गेल्यावर माया उरली, पण ती एकटी घर चालवू शकली नाही.

२६/
हे सारे असताना आपल्या मनातली चाळ इतकी प्रसन्न का? एक कारण साहित्यात आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये आले, सई परांजपे यांचा 'कथा' १९८३ मध्ये. दोन्हींतली माणसे बहुतांशी पांढरपेशी, नोकरदार आहेत. ही चाळ खरी आहे, पण गिरणगावची चाळ तिच्यासारखी नव्हती. त्या चाळीतल्या संपानंतरच्या घराची होरपळ जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातून १९९७ मध्ये रंगमंचावर आली. दोन्ही जवळ ठेवून पाहावे. एकीने दुसरीला खोटे पाडू नये.

२७/
आज बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या काहीशे कुटुंबांच्या हाती चाव्या आल्या. शंभर वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या डब्यांना विश्रांती मिळाली, याचा आनंदच मानायला हवा. 'चाळसंस्कृती बुडाली' असा गळा काढण्याआधी, त्या संस्कृतीसाठी पहाटे चारला उठणारीला काय वाटते, हे आधी विचारावे.

२८/
आणि तरीही एक प्रश्न उरतो. शेजार घडायला एकमेकांच्या वाटेवर येणे लागते, मोकळा वेळ लागतो आणि तीच माणसे पुष्कळ वर्षे लागतात, एवढे हा इतिहास सांगतो. टंचाई लागतेच असे नाही. मग नव्या इमारतीत लोक एकमेकांना कुठे भेटतील? उद्वाहनाच्या दारात अर्धा मिनिट? देखभालीचा मासिक खर्च न पेलल्यामुळे मूळ कुटुंबे दहा वर्षांत घर विकून गेली, तर वाटी कोणाकडे पाठवायची? आणि नव्या मजल्यावर कोणाचे दार त्या वाटीला बंद राहील? हे प्रश्न भावनेचे दिसतात. खरे पाहता ते आराखड्याचे, वेतनाचे आणि कायद्याचे आहेत, जसे ते १९२० मध्ये होते.

२९/
शेवटी वाचकांना एक विनंती. चाळीचा हा इतिहास सरकारी दफ्तरांत फार थोडा आहे. तो साठीपलीकडच्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या, बोलण्यात आहे. आपल्या घरात किंवा नात्यात कोणी चाळीत राहिलेले असेल, तर या सुट्टीत समोर बसून विचारा. भाडे किती होते? नळाला पाणी किती वाजता येई? भिशीची पहिली रक्कम कशावर खर्च केली? कोणाच्या घरचे पाणी पीत नसत, आणि का? शेवटचा प्रश्न अवघड वाटेल, पण तो टाळू नका. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा. त्यांची हरकत नसेल तर आवाजही ध्वनिमुद्रित करा.

(थ्रेड समाप्त. पुढील थ्रेड: पुण्यातील वाडे आणि त्यांचे पाण्याचे हौद.)